‘उड्डाणाची उपजत क्षमता नाही’ म्हणजे नेमकं काय?

“सैनिकी वैमानिक प्रशिक्षणातून मला काढलं. माझ्यात मुळात काही नव्हतंच, एवढाच त्याचा अर्थ ना?”

वॉश आउट झालेले, म्हणजे प्रशिक्षणातून वगळले गेलेले, बहुतेक प्रशिक्षणार्थी थोड्याफार फरकाने हेच विचारतात. पुढची हकीकत कुणा एकाची नाही. अशा प्रकरणांत पुन्हा पुन्हा दिसणारे धागे २२ वर्षांच्या एका मुलाभोवती विणले आहेत.

उड्डाण थांबून ११ दिवस झाले होते. झोप पहाटे चारला लागायची. बॅचचा ग्रुप त्याने म्यूट केला होता, पण दर तासाला उघडून पाहायचा: आज कुणाची सोलो (इन्स्ट्रक्टरशिवाय एकट्याचं उड्डाण) झाली, कुणाचा चेक (परीक्षेचं उड्डाण) निघाला. घरी ‘जरा ब्रेक आहे’ एवढंच कळवलेलं. काढण्याचा निर्णय देणाऱ्या बोर्डाच्या अहवालातले ‘अपुरी प्रगती’ आणि ‘कमकुवत निर्णयक्षमता’ हे शब्द मात्र तोंडपाठ.

समुपदेशनाच्या अशा पहिल्या भेटीत एक प्रश्न सरळ विचारायचा असतो: जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का? विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरते, ही भीती निराधार आहे. उत्तर ‘हो’ असेल तर बाकी सगळं बाजूला ठेवायचं, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाला गाठायचं आणि शस्त्र हाताशी राहणार नाही अशी व्यवस्था करायची. सैनिकी तळावर हा शेवटचा मुद्दा नुसता कागदावरचा राहत नाही. या मुलाचं उत्तर ‘नाही, पण नाहीसं व्हावंसं वाटतं’ असं होतं. म्हणून पहिले दोन आठवडे दर तीन दिवसांनी भेट ठरली आणि उठण्याची वेळ सातची पक्की केली. झोप किती लागली याचा हिशेब करायचा नाही, सातला उठायचं. अंथरुणात वीसेक मिनिटं डोळा लागला नाही तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. ग्रुप दिवसातून एकदाच, संध्याकाळी उघडायचा.

मग अहवालाकडे वळता आलं. तिथे एक जुनी गोष्ट उपयोगी पडते. १९४१ साली अमेरिकेत वैमानिक प्रशिक्षणातून काढलेल्या १,००० उमेदवारांची कारणं तपासली गेली. मानसशास्त्रज्ञ जॉन फ्लॅनगन यांनी १९५४ च्या लेखात त्याची हकीकत दिली आहे. बोर्डांच्या नोंदींत ‘उड्डाणाची उपजत क्षमता नाही’, ‘अयोग्य स्वभाव’, ‘निर्णयक्षमता कमी’ असे साचेबंद शेरे भरलेले होते. त्यांच्याच जोडीला उमेदवाराने प्रत्यक्षात काय केलं याच्या काही नेमक्या नोंदीही होत्या, आणि कामाच्या ठरल्या त्या याच. पुढे ‘क्रिटिकल इन्सिडेंट’ पद्धत (नेमक्या प्रसंगांत कुणी काय केलं याच्या नोंदींवरून निष्कर्ष काढण्याची) त्याच कामातून उभी राहिली.

त्याच धर्तीवर मुलाला वही दिली. शेवटच्या सहा सॉर्टी, म्हणजे प्रशिक्षणाची उड्डाणं, घ्यायच्या आणि प्रत्येकीसाठी चार रकाने करायचे: विमान कुठे होतं, हातांनी काय केलं, नजर कुठे होती, त्यानंतर काय झालं. ‘घाबरलो’, ‘मूर्खपणा केला’ असे शब्द लिहायचे नाहीत. एका बैठकीत दोन सॉर्टींपेक्षा जास्त नाही, आणि रात्री तर मुळीच नाही. रात्री लिहिलं की नोंदींचं आरोपपत्र होतं.

चौथ्या सॉर्टीपर्यंत साखळी दिसू लागली. उतरण्याआधी धावपट्टीभोवती जी फेरी मारतात तिला सर्किट म्हणतात. तिच्या डाउनविंड या धावपट्टीला समांतर टप्प्यावर वेग कमी केल्यावर तो ट्रिम (स्टिकवरचा दाब काढून टाकणारी जुळणी) अर्धवट सोडायचा. त्यामुळे स्टिकवरचा दाब हाताने धरून ठेवावा लागायचा. लक्ष तिकडे गेलं की उंची हलायची आणि नजर अल्टिमीटरला (उंचीमापकाला) चिकटायची. तेवढ्यात रेडिओवर कॉल आला की लँडिंगपूर्व तपासण्या उशिरा व्हायच्या. त्यामागे खाली उतरायला सुरुवात उशिरा, फायनलवर (धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यावर) विमान उंच, मग थ्रॉटल ओढायचा, वेग पडायचा, आणि इन्स्ट्रक्टर ताबा घ्यायचा. अहवालात फक्त शेवटचा टप्पा आला: ‘निर्णयक्षमता कमकुवत’. त्या चुकीचं मूळ दीड मिनिट आधीच्या ट्रिममध्ये होतं. वैमानिक याला विमानाच्या मागे पडणं म्हणतात. हात अजून लक्ष मागत असतात, त्यामुळे पुढचा विचार करायला डोक्यात जागाच उरत नाही.

दुसरी गोष्टही वहीतच निघाली. एक खराब सॉर्टी झाली म्हणून सहसा कुणी घरी जात नाही. आधी जादा सॉर्टी, मग वेगळा इन्स्ट्रक्टर, मग प्रगती तपासणी, वरिष्ठांचा अंतिम चेक आणि शेवटी बोर्ड. नियम देशोदेशी वेगळे असले तरी पायऱ्या साधारण अशाच. म्हणजे शेवटची तीन-चार उड्डाणं ‘हे अखेरचं असेल’ या दडपणाखाली, अपुऱ्या झोपेवर होतात. नेमकी तीच सर्वांत वाईट होतात आणि मन पुरावा म्हणून तीच पुढे करतं. त्याला आधीच्या स्वच्छ सोलोची नोंद लॉगबुकातून शोधून काढावी लागली.

इथे ‘तुझी काहीच चूक नव्हती’ अशी समजूत घालणं चुकीचं. पुढच्या टप्प्यावर विमानाचा वेग वाढतो आणि विचार करायला मिळणारा वेळ कमी होतो. तासही ठरलेले असतात. ही चाळणी कठोर आहे, पण निरर्थक नाही. शिवाय डिब्रीफमध्ये (उड्डाणानंतरच्या चर्चेत) न कळताही तो ‘येस सर’ म्हणत राहिला, हेही त्याने स्वतःच लिहिलं. ती सवय बदलता येते, ‘उपजत क्षमता’ नावाचं भूत बदलता येत नाही. (हवेत मळमळ होते म्हणून थांबवलेल्यांची गोष्ट वेगळी. तिथे आतला कान आणि डोळे यांच्या संदेशांत विसंगती असते. तिचा धैर्याशी संबंध नाही.)

घरच्यांना सांगायला चार वाक्यं तयार केली: “उड्डाणाचं प्रशिक्षण थांबलंय. कौशल्याच्या निकषावर थांबवलं, शिस्तीचं काही नाही. पुढचं महिन्याभरात कळेल. तोवर कुणी विचारलं तर एवढंच सांगा.” बाबा म्हणाले, “अजून थोडा जोर लावायला हवा होतास.” त्यावर वाद घालायचा नाही, हेही आधीच ठरलं होतं. आईने दुसऱ्या दिवशी फोन करून फक्त जेवलास का विचारलं. त्या आठवड्यात त्याला तेवढंच पुरलं.

याच काळात कागदपत्रं नीट विचारून घ्यावी लागतात: काढण्याचा प्रकार कौशल्य, वैद्यकीय की स्वतःहून माघार, फेरविचाराच्या अर्जाची मुदत, सेवेचं बंधन उरतं का, कोणत्या शाखा खुल्या आहेत, लॉगबुकाची प्रमाणित प्रत. मुदत असेल ती पाळायचीच. ती नसलेला कोणताही निर्णय चार आठवडे पुढे ढकलायचा.

त्याला मात्र दुसऱ्याच दिवशी नागरी फ्लाइंग स्कूलचे पैसे भरायचे होते. तो रस्ता बंद नाही. तिथे एखादा धडा स्वतःच्या खर्चाने पुन्हा गिरवता येतो, आणि सैनिकी प्रशिक्षणात अडखळलेला माणूस तिथे शिकूही शकतो. पण ‘त्यांना दाखवून देतो’ म्हणून भरलेला पैसा महाग पडतो. आधी वैद्यकीय तपासणी, मग इन्स्ट्रक्टरसोबत चार-पाच तास, तेही ट्रिम आणि सर्किटवर, आणि त्यानंतरच पूर्ण कोर्सचा विचार. आधीचं प्रशिक्षण लपवायचं नाही. ते उघड झालं की नापास होण्यापेक्षा खोटेपणाच जास्त भोवतो.

सातव्या भेटीला त्याने हवाई वाहतूक नियंत्रणाचा अर्ज आणला. ‘आधीचं प्रशिक्षण अपूर्ण राहण्याचं कारण’ या रकान्याचा पहिला मसुदा अर्ध्या पानाचा होता, सगळा माफीनामा. दुसरा दोन ओळींचा: ‘ठरलेल्या तासांत सर्किटमधली कामं एकाच वेळी सांभाळण्याचा आवश्यक दर्जा गाठला नाही. सोलो उड्डाण पूर्ण केलं होतं.’