बन बी: जोडीदार तुरुंगात असतानाची चार वर्षं

तुमचा प्रश्न असा की, रॅपर बन बीचं एकट्याचं फार गाजलेलं गाणं सापडत नाही, तरी अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या रॅपचा विषय निघाला की सगळे त्याचं नाव एवढ्या आदराने का घेतात? मी वीसेक वर्षं हे संगीत ऐकतोय, त्यातली सहा ह्यूस्टनमध्ये गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात पोर्ट आर्थरपासून करायला हवी. टेक्सासच्या आग्नेय कोपऱ्यातलं, लुइझियानाच्या हद्दीजवळचं हे रिफायनऱ्यांचं गाव, ह्यूस्टनहून गाडीने दीड तासावर. कामानिमित्त जायचो तेव्हा रात्री लांबूनच उंच नळकांड्यांवरच्या ज्वाळा दिसायच्या आणि काचा बंद असल्या तरी गंधकाचा वास आत यायचा. बर्नार्ड फ्रीमन म्हणजे बन बी आणि चॅड बटलर म्हणजे पिंप सी, दोघेही याच गावचे. त्यांची जोडी म्हणजे यूजीके, अंडरग्राउंड किंग्ज.

संगीताची बाजू पिंप सीकडे. चर्चमधल्यासारखा ऑर्गन, ब्लूजच्या वळणाची गिटार, संथ ठेका. त्याला तो 'कंट्री रॅप ट्यून्स' म्हणायचा. नव्वदच्या दशकात न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसवाले दक्षिणेकडच्यांना गावंढळ समजत, आणि हा पठ्ठ्या तेच गावाकडचं वळण अभिमानाने मिरवत होता. १९९६ सालचा 'रायडिन डर्टी' हा अल्बम एकही सिंगल (सुटं काढलेलं गाणं), एकही व्हिडिओ न काढता गोल्ड झाला, म्हणजे पाच लाख प्रतींच्या पुढे गेला. त्यातलं 'मर्डर' हेडफोन लावून ऐका. आधी पिंप सी येतो, मग बन बी. खर्जातला भारदस्त आवाज, यमकावर यमक, श्वास घ्यायला जागा कुठे आहे तेच कळत नाही, आणि तरी एकेक शब्द लख्ख ऐकू येतो. विषय अमली पदार्थांच्या धंद्याचा आहे, भाषा शिवराळ आहे. घरात मोठ्याने लावू नका.

२००० साली न्यूयॉर्कचा रॅपर जे-झी याच्या 'बिग पिंपिन' या गाण्यामुळे ही जोडी देशभर पोहोचली. पिंप सीला ते गाणं मुळीच करायचं नव्हतं. आता चांगले दिवस येणार असं वाटत असतानाच २००२च्या जानेवारीत तो तुरुंगात गेला.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे. संगीत करणारा आत, बाहेर उरलेल्याच्या हातात फक्त शब्द. बन बीने नवा जोडीदार शोधला नाही. तो दुसऱ्यांच्या गाण्यांत कडवी म्हणू लागला, नावाजलेल्यांच्या तशीच नवख्यांच्याही, आणि जिथे जाईल तिथे 'फ्री पिंप सी' म्हणत राहिला. जवळजवळ चार वर्षं. ज्या पोरांनी यूजीकेचा एकही अल्बम ऐकला नव्हता त्यांनाही पिंप सी कोण हे यामुळे ठाऊक झालं. स्वतःचा पहिला एकट्याचा अल्बम 'ट्रिल' त्याने काढला तो २००५ साली, तोवर यूजीकेच्या पहिल्या अल्बमला तेरा वर्षं झाली होती. 'ट्रिल' हा पोर्ट आर्थरकडचा शब्द, ट्रू आणि रिअल मिळून झालेला. त्याच वर्षी ३० डिसेंबरला पिंप सी सुटला.

गाजलेली गाणी मोजत बसलात तर ही चार वर्षं दिसणारच नाहीत. मला मात्र त्याच्या कारकिर्दीतला सगळ्यात मोठा काळ हाच वाटतो.

२००७च्या ऑगस्टमध्ये 'अंडरग्राउंड किंग्ज' हा दुहेरी अल्बम बिलबोर्डवर, म्हणजे अमेरिकेतल्या अल्बमांच्या खपाच्या यादीत, पहिल्या क्रमांकावर आला. चार महिन्यांनी, ४ डिसेंबरला, पिंप सी लॉस एंजेलिसजवळच्या वेस्ट हॉलिवूडमधल्या एका हॉटेलात मृतावस्थेत सापडला. वय ३३. कोडीनचं कफ सिरप आणि झोपेत श्वास अडकण्याचा जुना विकार, दोन्ही एकत्र आले. ते सिरप त्या काळी ह्यूस्टनकडे सर्रास प्यायचे, अजूनही त्याचा राग येतो.

पुढचं थोडक्यात. बन बीने २०११ साली राइस विद्यापीठात धर्म आणि हिप-हॉप हा विषय शिकवला, आणि आता ह्यूस्टनमध्ये त्याच्या 'ट्रिल बर्गर्स'समोर रांगा लागतात.

ऐकायला सुरुवात 'इंटरनॅशनल प्लेयर्स अँथम'पासून करा, २००७ सालचं, आउटकास्ट या दुसऱ्या रॅप जोडीबरोबरचं. पहिलं कडवं त्या जोडीतल्या आंद्रे ३०००चं, त्यात ड्रम नाहीत. पिंप सी तोंड उघडतो आणि ड्रम सुरू होतात. त्याच्या लगेच मागे बन बी येतो. ते दोघं पाठोपाठ येतात तेवढाच तुकडा दोन-तीनदा ऐका, मग 'रायडिन डर्टी' पहिल्यापासून लावा.