यीस्ट मॉडेल: हवा भरपूर, ग्लुकोज भरपूर, तरी इथेनॉल शून्य का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: यीस्ट८ (यीस्टच्या सगळ्या चयापचयाचं संगणकी मॉडेल) कोब्रापायमध्ये (अशी मॉडेलं चालवणारी पायथन लायब्ररी) चालवलं, ग्लुकोजची मर्यादा वाढवली, ऑक्सिजन मोकळा सोडला, तरी इथेनॉलचा फ्लक्स (अभिक्रियेचा वेग) शून्यच. खरं यीस्ट मात्र अशा वेळी हवा असतानाही धडाक्यात इथेनॉल करतं (क्रॅबट्री परिणाम). मग कोड चुकलाय का? आणि कोणतं प्रथिन पेशीत कुठे असतं, हे मॉडेलमध्ये कसं आणायचं?

कोड ठीक आहे. साध्या फ्लक्स बॅलन्स अनॅलिसिसमध्ये प्रत्येक पदार्थाचा जमाखर्च जुळवायचा आणि आत येणाऱ्या अन्नावर मर्यादा घालायची, एवढंच असतं. एन्झाइम तिथे फुकट मिळतात. यीस्टमध्ये एका ग्लुकोजमागे श्वसनातून साधारण १६ एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) मिळतात, किण्वनातून २. (पाठ्यपुस्तकातला ३०-३२ हा आकडा इथे लावू नका. सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या आपल्या यीस्टकडे श्वसनसाखळीतला पहिला प्रोटॉन पंप, कॉम्प्लेक्स वन, मुळातच नाही.) फुकटात १६ मिळत असताना मॉडेल २ कशाला घेईल? ऑक्सिजन आवळून इथेनॉल काढता येतं आणि बरेच जण तसं करतातही, पण मग ते उत्तर आपणच मॉडेलच्या तोंडी घातलेलं असतं.

यातून बाहेर पडायची पहिली पायरी म्हणजे प्रथिनांचं बजेट. २००३ साली आलेल्या पहिल्या जीनोमव्यापी यीस्ट मॉडेलात ७०८ जनुकं होती, पण एन्झाइमला किंमत नव्हती. २०१७ च्या गेको पद्धतीने ती लावली. कोणत्याही अभिक्रियेचा वेग हा एन्झाइमचं प्रमाण गुणिले त्याचा केकॅट (एक एन्झाइम रेणू सेकंदाला जास्तीत जास्त किती वेळा अभिक्रिया घडवतो तो आकडा) यापेक्षा जास्त असू शकत नाही, आणि सगळ्या एन्झाइमांचं मिळून वजन एका मर्यादेतच बसलं पाहिजे. यीस्टच्या कोरड्या वजनात प्रथिनं निम्म्याच्या आसपास असतात, आणि त्यातलाही काही भागच चयापचयाच्या वाट्याला येतो. एवढं घातलं की ग्लुकोज मोकळा सोडला तरी वाढीचा दर आभाळाला भिडत नाही, आणि वाढीच्या एका वेगानंतर इथेनॉल आपोआप दिसू लागतं. केमोस्टॅटमध्ये (वाढीचा वेग बाहेरून ठरवता येणाऱ्या संवर्धनपात्रात) हा वेग ताशी ०.२८ च्या आसपास असतो. स्ट्रेननुसार थोडा मागेपुढे होतो.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग, जो मला जास्त महत्त्वाचा वाटतो. यीस्ट८ मध्ये सायटोसोल, मायटोकॉन्ड्रिया, पेरॉक्सिसोम असे कप्पे आधीपासून आहेत. एनएडीएच (इलेक्ट्रॉन वाहणारा रेणू) मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पटलातून जात नाही, म्हणून त्याचे इलेक्ट्रॉन पलीकडे नेणारी शटल लागतात. हेही त्यात आहे. नाही ते कप्प्याचं आकारमान. मॉडेलच्या मायटोकॉन्ड्रियामध्ये हवी तेवढी प्रथिनं कोंबा, ते तक्रार करत नाही. खऱ्या पेशीत आतल्या पटलावर श्वसनसाखळीला लागणारी जागा मोजकीच असते. २०२२ च्या पीसीयीस्ट मॉडेलने कप्प्यानुसार वेगळ्या मर्यादा घातल्या. ग्लुकोज तुटपुंजा असताना वाढीचा वेग चढवत नेला, तर इथेनॉल सुरू होतं तिथे मायटोकॉन्ड्रियाची क्षमता संपलेली दिसते. ग्लुकोज भरपूर असेल तेव्हा अडचण सायटोसोलमधल्या प्रथिनांची असते. म्हणजे बाहेरून सारख्या दिसणाऱ्या वागणुकीमागे अडथळे दोन वेगळे. एकाच सामायिक बजेटमधून हे कधीच दिसलं नसतं.

म्हणूनच 'किण्वन प्रथिनांच्या हिशोबात स्वस्त, म्हणून इथेनॉल' हे वाक्य प्रबंधात ठामपणे लिहू नका. २०२४ मध्ये रॅबिनोविट्झ यांच्या गटाने मोजमापं करून उलट निष्कर्ष मांडला: प्रथिनाच्या वजनामागे एटीपी जास्त मायटोकॉन्ड्रियाच देतात. वाद मिटलेला नाही. माझा कल जागेच्या मर्यादेकडे आहे, पण तो कलच समजा.

कोणतं प्रथिन कुठे, यासाठी २००३ चा जीएफपी संग्रह (प्रत्येक प्रथिनाला चमकणारं हिरवं प्रथिन जोडलेल्या यीस्टचा) अजूनही पहिला आधार आहे. त्यात ४,१५६ प्रथिनांची जागा नोंदवली आहे. फक्त 'एक जनुक, एक कप्पा' असं गृहीत धरू नका. सायट्रेट सिंथेजचं सीआयटी१ मायटोकॉन्ड्रियात आणि सीआयटी२ पेरॉक्सिसोममध्ये असतं, तर फ्युमरेजचं एकच जनुक मायटोकॉन्ड्रिया आणि सायटोसोल दोन्हीकडे पुरवठा करतं. अशा जनुकांची वाटणी हाताने तपासावी लागते. कंटाळवाणं काम आहे, पण निकाल तिथेच फिरतो. उपासमारीत एन्झाइमांचे तंतू होणं, सायटोप्लाझम घट्ट होणं वगैरे गोष्टी सध्या बाजूला ठेवा. स्थिर अवस्था गृहीत धरणाऱ्या मॉडेलात त्या मुळात बसत नाहीत.

केकॅटबद्दल सावध राहा. ब्रेंडा या एन्झाइमांच्या डेटाबेसमधले आकडे परीक्षानळीतले, बऱ्याचदा दुसऱ्याच जीवातले असतात. केकॅटचा अंदाज बांधणाऱ्या २०२२ च्या डीएलकेकॅटसारख्या मशीन लर्निंग साधनांची भाकितं पोकळी भरतात, पण ती भाकितंच. सगळे केकॅट दुरुस्त करत बसू नका. कोणता बदलल्यावर वाढीचा दर सर्वांत जास्त हलतो ते काढा आणि वरचे मोजकेच तपासा.

पुढे कधी ऑक्सिजन पूर्ण बंद केलात आणि वाढ शून्य आली तर घाबरू नका. एर्गोस्टेरॉल आणि असंतृप्त मेदाम्लं बनवायला ऑक्सिजन लागतो. प्रयोगशाळेत ती माध्यमात घालतात, तशी मॉडेललाही बाहेरून घेऊ द्यावी लागतात आणि बायोमास समीकरणातून (नवी पेशी बनायला काय काय लागतं त्याची यादी) हीम काढावं लागतं, कारण तेही ऑक्सिजनशिवाय बनत नाही.

आणि गेको लावल्यावर यीस्ट जवळजवळ वाढतच नसेल, तर आधी एककं बघा. केकॅट सेकंदात दिलेला असतो, मॉडेलचा फ्लक्स तासात. ३६०० ने गुणायचं राहिलं असण्याची शक्यता सर्वांत जास्त.