चारपैकी पहिला उन्हाळाच स्वस्त आहे

इंडियानातल्या कोलंबसहून एका ताईंचे पत्र आले आहे. मुलगा बारावीत, मार्चमध्ये अठरा पूर्ण होतील. शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये चार वर्षे बास ड्रम वाजवतो. डिसेंबरच्या कॅम्पमध्ये ऑडिशन दिली आणि एका वर्ल्ड क्लास, म्हणजे सर्वांत वरच्या गटातल्या, ड्रम कोरने त्याच्यापुढे करार ठेवला. फी ५,८०० डॉलर. ऑगस्टमध्ये पर्ड्यू विद्यापीठात इंजिनिअरिंगला जायचे आहे. नवरा म्हणतो, ५२९ खात्यात (मुलाच्या शिक्षणासाठीची करसवलतीची बचत) ६२ हजार डॉलर पडलेत, त्यातून भरू. पुण्याचे आजोबा म्हणतात, मी एफडी मोडतो. मुलगा म्हणतो, वय संपेपर्यंत चारही वर्षे जाणार. आणि ताई लिहितात: "ड्रम वाजवायला पाच लाख रुपये भरायचे ही चैन वाटते. पण लग्नाआधी पाच गणेशोत्सव मीच पथकात ताशा वाजवलाय, त्यामुळे घरात माझं तोंड बंद आहे."

ताई, निकाल आधी सांगतो, हिशेब मागून. या उन्हाळ्यात त्याला जाऊ द्या. ५२९ ला हात लावू नका. आजोबांची एफडी आजोबांकडेच राहू दे. आणि पुढच्या तीन उन्हाळ्यांचा शब्द आज कोणीही कोणाला देऊ नका.

ज्यांच्या कानावर हा प्रकार कधी आला नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ड्रम कोर म्हणजे ब्रासची वाद्ये, ड्रम आणि झेंडे-रायफली फिरवणारा कलर गार्ड. बासरी, क्लॅरिनेट वगैरेंना जागा नाही. एका मोठ्या कोरमध्ये दीडशेच्या वर मुले असतात आणि ती साधारण एकविसाव्या वर्षापर्यंतच भाग घेऊ शकतात. त्यानंतर 'एज आउट', खेळ खल्लास. ड्रम कोर इंटरनॅशनल या संस्थेची पहिली अजिंक्यपद स्पर्धा १९७२ साली विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला झाली. २००९ पासून अंतिम फेरी इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये, ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात होते. म्हणजे तुमच्या घरापासून गाडीने तासाभरावर. बजेटमध्ये ही एक ओळ तुमच्या बाजूची आहे.

पुण्याच्या पथकात सुपारी पथकाला मिळते आणि वादकाला वडापाव. इथे वादकच पैसे भरतो. याचा राग येणे साहजिक आहे, पण त्या पैशांत काय येते तेही पाहा. अकरा-बारा आठवडे बसचा प्रवास, दिवसाला चार वेळचे जेवण, वाद्य, गणवेश, शिक्षक. एवढे करूनही बहुतेक कोर सांगतात की फीमधून खर्चाचा एक भागच निघतो, बाकीचे देणग्यांवर आणि बिंगोचे (आपल्या हाउजीचे) खेळ चालवून उभे करावे लागते.

तीन वर्षांपूर्वी एका अशिलाच्या मुलीचा सराव बघायला गेलो होतो. जुलैची दुपार, एका हायस्कूलचे पार्किंग. बास ड्रमची पाच मुले एका ओळीत, पाचही ड्रम वेगवेगळ्या आकाराचे. तुमच्या मुलाला माहीत आहे, तुम्हाला कदाचित नसेल: ते एकच ओळ पाच जणांत फोडून वाजवतात. पहिल्याचा एक ठोका, तिसऱ्याचे दोन, पाचव्याचा एक, आणि ऐकणाऱ्याला वाटते एकच माणूस वाजवतोय. स्पीकरवर लय धरून देणाऱ्या मेट्रोनोमची टकटक चालू. तिसऱ्या मुलाचा ठोका किंचित पुढे जात होता, इतका किंचित की मला कळतच नव्हता. शिक्षक दर वेळी फक्त "पुन्हा" म्हणायचा. मी मोजले, एकतीस वेळा. बत्तिसाव्या वेळी तो काहीच बोलला नाही आणि पाचही जण न हसता पुढच्या तुकड्याकडे गेले. कडेला गॅलनभर पाण्याचे जग एका रांगेत, गळ्यात दोरीने बांधलेल्या छोट्या वह्या, त्यांत मैदानावरच्या प्रत्येक पावलाची जागा लिहिलेली. रात्री ही मुले जिममध्ये जमिनीवर हवेच्या गादीवर झोपतात, किंवा बसमध्येच, कारण पुढचा कार्यक्रम दुसऱ्या राज्यात असतो. दिवसाचे दहा-बारा तास सराव, बारा मिनिटांच्या सादरीकरणासाठी. गुण शंभरपैकी. २०१४ मध्ये ब्लू डेव्हिल्स या कोरला ९९.६५ पडले होते आणि ०.३५ कुठे गेले यावर लोक अजून भांडतात.

हे सांगायचे कारण असे की ही चैन आहे हे मला मान्य आहे. ज्या उन्हाळ्यात मुलगा सोफ्यावरून उठत नाही तीही चैनच, फक्त तिचे बिल येत नाही. पण कृपा करून या खर्चाला 'गुंतवणूक' म्हणू नका. पर्ड्यूत प्रवेश झालेला आहे, त्यामुळे अर्जावर शोभेल हा मुद्दा संपला. इंजिनिअर म्हणून नोकरी देणारा कोणी 'तू कितवा बास ड्रम वाजवायचास' असे विचारणार नाही. पैसे देऊन काहीतरी विकत घ्यायचे आहे, ते परवडते का, एवढाच प्रश्न ठेवा. मग हिशेब सोपा होतो.

आता ५२९. यजमानांचे म्हणणे मला कळते, पैसे समोर दिसतात आणि मुलाच्याच नावाचे आहेत. पण कोरची फी हा शिक्षणाचा पात्र खर्च नाही. कोर ही मान्यताप्राप्त शिक्षणसंस्था नव्हे, तिथे शिक्षण मिळत असले तरी. तुम्ही कळवलेल्या आकड्यांप्रमाणे ६२ हजारांत तुम्ही टाकलेले ३४ हजार आणि वाढ २८ हजार. म्हणजे काढलेल्या प्रत्येक शंभर डॉलरमध्ये सुमारे ४५ वाढीचे. ५,८०० काढले तर त्यात सुमारे २,६२० वाढ. तिच्यावर तुमच्या २२ टक्क्यांच्या स्लॅबने केंद्राचा कर ५७६ आणि दहा टक्के दंड २६२. इथपर्यंत लोकांना माहीत असते. पुढचे माहीत नसते. इंडियानाने तुम्हाला दर वर्षी या खात्यात टाकलेल्या पैशांवर २० टक्के क्रेडिट, म्हणजे राज्याच्या करात सूट, दिले आहे आणि पैसे अपात्र कामासाठी काढले की राज्य ते परत मागते. काढलेल्या पूर्ण रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, फक्त वाढीच्या नव्हे. म्हणजे आणखी १,१६०. बेरीज जवळजवळ दोन हजार, राज्याचा आणि काउंटीचा आयकर वेगळाच. ५,८०० ची फी तुम्हाला ७,८०० ला पडली. पैसे थेट मुलाच्या नावाने काढले तर केंद्राचा कर कमी बसेल, पण दंड आणि इंडियानाची वसुली टळत नाही.

"पर्ड्यू स्वस्त आहे, खात्यात उरतीलच" हा त्यांचा दुसरा मुद्दा. राज्यातल्या मुलांसाठी तिथली शिकवणी फी २०१३ पासून गोठवलेली आहे, वर्षाला दहा हजारांच्या आत, हे खरे. पण राहणे-जेवण धरले की वर्ष वीस हजारांच्या वर जाते. चार वर्षांना ६२ हजार पुरत नाहीत, उरायचे कुठून? आणि समजा उरलेच, तर खाते पंधरा वर्षे जुने झाल्यावर ठरावीक मर्यादेत मुलाच्या रॉथ आयआरए या निवृत्तीच्या खात्यात वळवता येतात. त्या पैशाला घाई नाही.

४०१(के), म्हणजे नोकरीतल्या निवृत्तीच्या खात्यावरचे कर्ज, पत्रात तुम्ही कंसात लिहिले आहे. कंसातच राहू दे.

आजोबा. ५,८०० डॉलर म्हणजे साधारण पाच लाख रुपये. पाठवण्यात कायद्याची अडचण नाही, परदेशी पैसे पाठवण्याच्या रिझर्व्ह बँकेच्या लिबरलाइज्ड रेमिटन्स योजनेत ही रक्कम सहज बसते आणि इथे एवढ्या भेटीची कोणाला माहिती द्यावी लागत नाही. अडचण अशी की त्या एफडीच्या व्याजावर त्यांचे औषधपाणी चालते, हे तुम्हीच लिहिले आहे. मुदतीआधी मोडली तर व्याजदरही घटतो. त्यांना नातवाची हवेची गादी आणि बूट घेऊ द्या. मान राहील आणि एफडीही राहील.

मग पैसे कुठून? आधी खरी रक्कम काढू. फी ५,८००. मेपर्यंत दर महिन्याचे शनिवार-रविवारचे कॅम्प, तुमच्यापासून सहा तासांवर. पाच फेऱ्यांचे पेट्रोल आणि जेवण ६५०. बूट, हातमोजे, गादी, चादरी, पाण्याचा जग, सनस्क्रीनच्या बाटल्या, कानातले प्लग (हे चांगल्या प्रतीचे घ्या, बहिरेपणा नंतर परत देता येत नाही) ३५०. धुण्याचे आणि सुट्टीच्या दिवसाचे हातखर्च आठवड्याला ५० म्हणजे ५५०. तुमची तिकिटे, दोन-तीन कार्यक्रम आणि लुकास ऑइल, ५००. एकूण ७,८५०.

आता त्याने न कमावलेले. शहराच्या जलतरण तलावावर त्याने गेल्या वर्षी तासाला १५ ने काम केले. आठवड्याला तीस तास, दहा आठवडे: ४,५००. म्हणजे या उन्हाळ्याची खरी किंमत साडेबारा हजारांच्या जवळ. मोठी आहे. पण पुढचे पाहा.

एकोणिसाव्या वर्षी, पर्ड्यूचे पहिले वर्ष संपल्यावर, इंटर्नशिप मिळेल न मिळेल. विसाव्या आणि एकविसाव्या वर्षी मात्र मिळायला हवी. तासाला २५ धरा, आठवड्याला चाळीस तास, बारा आठवडे: १२ हजार. त्यात फी आणि बाकी खर्च मिळवा, एक उन्हाळा वीस हजारांना पडतो. शिवाय इंटर्नशिपमधूनच पुढे नोकरीचे पत्र येते, त्याची किंमत मी कागदावर मांडू शकत नाही. कोर मेअखेर ते ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत सलग चालतो, मध्ये जागा नाही. "अर्धा वेळ इंटर्नशिप, अर्धा कोर" असे काही नसते. म्हणून त्याला 'चार वर्षे' हा शब्द देऊ नका. दर डिसेंबरला ऑडिशनच्या आधी टेबलावर बसायचे, तेव्हाचे आकडे मांडायचे, तेव्हा ठरवायचे. आज त्याच्या हातून जाते ती जीवरक्षकाची नोकरी. दोन वर्षांनी जाईल ती फार महाग असेल.

तुमच्या खात्यात महिन्याला सुमारे १,४०० शिल्लक राहतात असे पत्रावरून दिसते. करारात हप्ते जानेवारी ते मे आहेत. पाच महिन्यांत त्यातून सात हजार निघतात, ५२९ मधला मासिक भरणा तेवढ्यापुरता निम्मा करा, म्हणजे बाकीही निघेल. मुलाने गेल्या वर्षीच्या कमाईतून १,५०० घालावेत. हे शिक्षा म्हणून नाही. पुढच्या डिसेंबरला टेबलावर त्याचाही पैसा असला की चर्चा बरी होते, एवढा माझा अनुभव आहे. आजी-मावशींकडून गोळा केलेले पैसे कोरला देणगी म्हणून दिले तरी ते त्याच्याच फीसाठी असतील तर करातून वजावट मिळत नाही. दर वर्षी कोणीतरी विचारते, म्हणून सांगितले.

सहीआधी दोन गोष्टी वाचा. एक, कराराचे परताव्याचे कलम: जूनमध्ये घोटा मुरगळला, तर किती परत मिळते? दोन, कोरचे फॉर्म ९९०. हे ना-नफा संस्थांचे वार्षिक विवरण असते आणि कोणालाही इंटरनेटवर बघता येते. सलग तीन वर्षे तोटा आहे का, हातात किती महिन्यांचे पैसे आहेत, कर्ज किती, ते पाहा. हे मी उगाच म्हणत नाही. कॅलिफोर्नियाच्या सांता क्लारा व्हॅनगार्डसारख्या मातब्बर कोरने २०२३ चा मोसम पैशाअभावी सोडला. १९३४ पासून चालत आलेला कॅडेट्स २०२४ च्या एप्रिलमध्ये बंदच पडला, मोसम तोंडावर असताना. मुलांच्या सुरक्षिततेबद्दल विचारायलाही लाजू नका: प्रौढांची पार्श्वभूमी तपासतात का, तक्रार कुठे करायची, लेखी धोरण आहे का. चांगला कोर हे न विचारता देतो.

आणि मार्चमध्ये तो अठराचा होईल. त्यानंतर ओहायोतल्या एखाद्या इमर्जन्सी रूममधून तुम्हाला फोन आला तर डॉक्टर कायद्याने तुम्हाला काही सांगायला बांधील नाहीत. त्याच्या सहीची वैद्यकीय माहिती देण्याची परवानगी आणि मेडिकल पॉवर ऑफ अॅटर्नी (त्याच्या वतीने उपचाराचे निर्णय घेण्याचा अधिकार) करून ठेवा, फोनमध्ये फोटो ठेवा. विमा कंपनीला फोन करून विचारा की तुमच्या प्लॅनमध्ये परराज्यात फक्त इमर्जन्सी चालते की साध्या डॉक्टरकडेही जाता येते. उन्हाने थोडी चक्कर येणे आणि मनगट सुजणे हे बहुतेक वेळा इमर्जन्सीत मोडत नाही, आणि तिथे तेच सर्वांत जास्त होते.

पर्ड्यूचे वर्ग अंतिम फेरीनंतर एक-दोन आठवड्यांत सुरू होतात. वसतिगृहाचे सामान जुलैतच बांधून गॅरेजमध्ये ठेवा, कारण तो घरी येईल तेव्हा दोन दिवस नुसता झोपेल.

फॉर्म ९९० समजला नाही तर मला पाठवा, पाहून सांगतो. आणि ताई, पथकात तुम्ही ताशाची तर्री धरायचात की हात, ते लिहिले नाहीत.