बोलतं करायचंय? आधी हलवा-खेळवा

अगं, दीड वर्षाच्या लेकराला समोर बसवून ‘हे काय, ते काय’ विचारत बसू नकोस. सांगलीत राहतेस, संध्याकाळी कृष्णेच्या घाटावर ने. हात घट्ट धरून पायरी उतरताना ‘खाली’, चढताना ‘वर’, दर पायरीला तोच शब्द. अंग हलतं तेव्हा शब्द पक्का बसतो.

पण खरी गंमत थांबण्यात आहे. झोका मागे ओढून धर, ‘एक… दोन…’ म्हण आणि गप्प राहा. मनात पाचपर्यंत मोज. ते तुझ्या तोंडाकडे बघेल, पाय झाडेल, ‘ती’ म्हणेल, नाहीतर नुसतं ‘अं’. लगेच ‘तीन!’ म्हणून सोड. आवाज काढला की झोका सुटतो, हे त्याला कळतं. ‘नीट म्हण’ असं टोकू नको बाई, तिथेच पोरं मिटतात.

ते ‘बॉल’ म्हणालं की तू ‘बॉल गेला’ म्हण, एकच शब्द वाढव. मोबाईलवरची गाणी त्याच्या उत्तरासाठी थांबत नाहीत, म्हणून ती मी बोलायच्या सरावात धरतच नाही.

आणि २ वर्षं झाली तरी ‘बाबा ये’ असे दोन शब्द जोडत नसेल, तर ‘बापही उशिरा बोलला’ हे ऐकून घेऊ नकोस. आधी कान तपासून घे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, म्हणजे मुलांची आरोग्य तपासणी करणारं सरकारी पथक अंगणवाडीत वर्षातून २ वेळा येतं, सेविकाताईंना तारीख विचारून ठेव.