पाटीवर स्वायत्त, पदवी विद्यापीठाची

प्रश्न : मुलीच्या कॉलेजच्या पाटीवर यंदा नावापुढे कंसात ‘स्वायत्त’ आलं. सासरे म्हणतात, कॉलेज विद्यापीठातून फुटलं, आता पदवी कुठली? त्यात मुलगी घरी म्हणाली, ‘मलाही स्वायत्तता हवी.’ सासऱ्यांच्या मते हा स्वैराचार. खरं काय?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आधी सासऱ्यांचा घोर मिटवते. कॉलेज फुटलेलं नाही. स्वायत्त कॉलेज अभ्यासक्रम स्वतः आखतं, परीक्षा स्वतः घेतं, निकालही लावतं. पदवी मात्र विद्यापीठच देतं.

‘आयत्त’ म्हणजे अधीन, हातातलं. ‘वेणीसंहार’ नाटकात सूतपुत्र म्हणून हिणवला गेलेला कर्ण म्हणतो, ‘दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्’. कुठल्या कुळात जन्मावं हे दैवाच्या हाती, पराक्रम माझ्या हाती. बघा, तो दैवाला उडवून लावत नाही. एवढं तुझं, एवढं माझं, अशी वाटणी करतो. स्वायत्त ते हेच. स्वतंत्राच्या डोक्यावर कुणी नसतं. स्वायत्ताच्या डोक्यावर कुणीतरी असतं, पण नेमून दिलेल्या कामात त्यानं नाक खुपसायचं नसतं.

‘स्वराज्य’ या शब्दालाही दोन्ही अर्थ चिकटलेत. 1916 साली टिळकांनी होमरूल लीग काढली, तेव्हा मागणी साम्राज्यात राहूनच आपला कारभार आपल्या हाती घेण्याची होती. म्हणून तर 1929 च्या लाहोर काँग्रेसला त्यामागे ‘पूर्ण’ जोडावं लागलं. नगरपालिकेला आपण आजही स्थानिक ‘स्वराज्य’ संस्था म्हणतो, आणि मुख्याधिकारी सरकारच पाठवतं!

पण शब्द कळला तरी गोष्ट हाती येतेच असं नाही. गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाची घोषणा प्रसिद्ध आहे : ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार.’ 2009 मध्ये या गावाला जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा झाला. तो विकून गावाबाहेर न्यायचा, तर वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक वनखात्याकडे! 2011 च्या एप्रिलमध्ये ते पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. माझ्या मते गाव स्वायत्त झालं ते त्या दिवशी.

तेव्हा मुलीला एवढंच विचारा, ‘कोणतं पुस्तक तुझ्या हाती हवंय?’ विषय निवडणं, स्वतःच्या पैशांचा हिशेब, मैत्रिणी, असं काही म्हणाली तर देऊन टाका. स्वैराचार वेगळा. गंमत म्हणजे स्व + ईर यांचा संधी नियमानं ‘स्वेर’ व्हायला हवा. होतो ‘स्वैर’. त्याच्यासाठी व्याकरणकारांना वेगळी सवलत लिहावी लागली. नावातच नियम मोडलेला! मुलगी अजून तिथवर गेलेली दिसत नाही.

चाळीस वर्षं मुद्रितं तपासली, म्हणून राहवत नाही : शब्द ‘स्वायत्तता’. ‘स्वायत्त’मधला जोड ‘त्त’, त्याला ‘ता’. ‘स्वायत्ता’ नव्हे. पाटी रंगवणाऱ्यानं एक ‘त’ खाल्ला असेल तर कॉलेजला कळवा.

प्रश्न : ‘मुखत्यार’ हा शब्द याच घरातला का?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : घर वेगळं, अरबी. पण शेजार मोठा मजेशीर. मूळ ‘मुख्तार’ म्हणजे ज्याला निवडीचा अधिकार आहे तो. उर्दूत स्वायत्ततेला ‘खुदमुख्तारी’च म्हणतात. मराठीत मात्र कुलमुखत्यार म्हणजे आपल्या वतीनं सही करणारा दुसरा माणूस.

गेल्या वर्षी माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. काउंटरवरच्या मुलीनं संमतीचा कागद माझ्यावरून पलीकडे, थेट मुलापुढे सरकवला. ‘काका, इथे सही.’ मी म्हटलं, ‘डोळा माझा, पैसे माझे. हा काही माझा मुखत्यार नव्हे. पेन इकडे दे.’ तिनं दिलं. सही वेडीवाकडी आली, एका डोळ्यानं दिसत नव्हतंच. मग तिनं तोच कागद मुलापुढे केला आणि ‘साक्षीदार’ या रकान्यावर बोट ठेवलं.