शाकारणी करूनही पोटमाळ्यावर ओल येते, ती गळतीची की दवाची?

आपल्या प्रश्नाचा सारांश असा : गिरगावातील जुन्या दुमजली इमारतीत आपले घर सर्वांत वर आहे, छप्पर मंगळुरी कौलांचे आहे, मे महिन्यात शाकारणी करून फुटकी कौले बदलून घेतली, तरीही जुलैत पोटमाळ्यावर ओल आहे, वाशांवर काळे ठिपके पडले आहेत आणि झोपण्याच्या खोलीच्या जिप्सम छतावर पिवळट डाग उमटत आहेत. ठेकेदार पुन्हा सगळी कौले उतरवायला सांगतो आहे. त्या खोलीत गेल्या वर्षी एसी बसवला आणि तेव्हाच हे जिप्समचे छत करून घेतले, हे आपण अगदी शेवटी, जाता जाता लिहिले आहे. जुन्या इमारतींच्या दुरुस्तीवर देखरेख करणे हे माझे रोजचे काम असल्यामुळे मी त्या शेवटच्या वाक्यापाशीच थांबलो. कौलांना हात लावण्यापूर्वी हे पाणी बाहेरून येते आहे की हवेतून, एवढे आधी ठरवा. आपल्याकडे बहुधा दोन्ही चालू आहे, आणि दोहोंचे उपाय अगदी वेगळे आहेत.

हवेतून पाणी कसे येते ते आधी पाहू. मुंबईत जुलैमध्ये हवा २८ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असणे ही नेहमीची गोष्ट आहे. अशी हवा सुमारे २५ अंशांखालच्या कोणत्याही पृष्ठभागाला लागली की तेथे पाणी सुटते. फ्रिजमधून काढलेल्या तांब्याला जसा घाम येतो, तसेच. एसी रात्रभर २२ अंशांवर चालला की जिप्समचे छत त्या तापमानाच्या जवळ येते, आणि त्याच्या वरच्या बाजूला पोटमाळ्यातली दमट हवा असते. म्हणजे पाणी छताच्या वरच्या, आपल्याला न दिसणाऱ्या अंगाला जमते आणि डाग मात्र खालून दिसतो. एसीची झडप वर केलेली असेल तर थंड झोत थेट छतावर आदळतो आणि त्या पट्ट्यात ओल अधिक धरते. आंतरजालावर या विषयाची जी माहिती सापडते, ती बहुतेक थंड देशांतली असते. तेथे घरातली ऊबदार हवा वर जाऊन गार छपराच्या आतल्या बाजूला ओलावते, म्हणून बाष्परोधक थर खोलीच्या बाजूने घालायला सांगतात. आपल्याकडे बाष्प उलट दिशेने, वरून खाली येत असल्यामुळे तो थर पोटमाळ्याच्या बाजूने हवा. खालून घातला तर ओल आतच कोंडली जाते.

पारख करण्यासाठी प्रथम वेळ पाहा. पावसाची सर आल्यावर थोड्या वेळाने एकाच जागी थेंब येत असेल आणि पश्चिमेचा वारा असताना तो वाढत असेल, तर ती गळती. दिवसभर उघडीप असूनही एसी चाललेल्या रात्रीनंतर सकाळी ओल जास्त असेल आणि ती बऱ्याच जागेवर सारखी पसरलेली असेल, तर ते दव. दुसरी पाहणी प्रत्यक्ष वर चढून करावी लागेल. मेन स्विच बंद करा, कारण जुन्या घरांत पोटमाळ्यावरून गेलेल्या तारांचे आवरण ठिसूळ झालेले असते. मग डागाच्या वरची एक फळी उचलून बॅटरीच्या तिरप्या उजेडात जिप्समची वरची बाजू पाहा. दवाचे पाणी असेल तर मोहरीएवढे असंख्य थेंब एका पातळीत दिसतात आणि छत धरून ठेवणाऱ्या पत्र्याच्या पट्ट्यांवरच्या स्क्रूंची डोकी सगळीकडे सारखीच तांबूस गंजलेली असतात. गळती असेल तर एखाद्याच स्क्रूला गंज असतो आणि त्याच्याभोवती मातकट कडेचे वर्तुळ उमटते, कारण कौलांवरून आलेले पाणी धूळ घेऊन येते. त्याच वेळी एसीची तांब्याची नळी, तिचे पाणी वाहून नेणारी नळी आणि पोटमाळ्यावर पाण्याची टाकी असेल तर तिचे झाकण व व्हॉल्व्हही तपासा. ठरावीक वेळी पाणी येणाऱ्या या शहरात माळ्यावर टाकी असणे स्वाभाविक आहे, पण झाकण नसलेली टाकी बंद पोटमाळ्यात सतत बाष्प सोडत राहते.

गळतीचा शोध घेताना हे ध्यानात ठेवा की थेंब पडतो ती जागा आणि पाणी शिरते ती जागा क्वचितच एक असते. पाणी कौलाखालून रिपेवर, म्हणजे कौले टेकवलेल्या आडव्या लाकडी पट्टीवर, उतरते, रिपेवरून वाशावर येते आणि वाशाच्या उतारावर बरेच खाली जाऊन मग ठिबकते. कोरड्या दिवशी वाशाच्या बगलेवर खडूची सलग रेघ ओढून ठेवा. पुढच्या सरीत पाणी जेथे रेघ ओलांडते तेथे ती पुसली जाते, आणि तेथून वर शोधत जाता येते. नळीने पाणी मारून पाहायचे असल्यास वळचणीपासून सुरुवात करून टप्प्याटप्प्याने आढ्याकडे जावे. एकदम वरून पाणी सोडले तर काहीच कळत नाही. माझा अनुभव असा की नव्याने शाकारलेल्या छपरात कौल स्वतः क्वचितच दोषी असते. गळते ते आढ्यावरच्या कौलांखालच्या तडकलेल्या चुन्या-सिमेंटमधून, शेजारच्या भिंतीला छप्पर टेकते त्या सांध्यातून आणि छपराची दोन पाखी, म्हणजे दोन उतार, मिळतात तेथल्या पन्हळीतून, कारण तिच्यात पाने आणि कावळ्यांनी आणलेल्या काड्या साचलेल्या असतात. म्हणून कौलांवर फासायच्या ‘वॉटरप्रूफिंग’च्या द्रवांवर पैसे घालवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता तात्काळ काय करावे? एसी २६ किंवा २७ अंशांवर ठेवा, झडप खाली करा आणि पंखा सोबत चालवा. एवढ्याने दव बरेच कमी होईल आणि निदानही पक्के होईल. भर पावसात कोणालाही कौलांवर चढवू नका, कारण शेवाळलेले कौल निसरडे असते आणि पायाखाली फुटतेही. तात्पुरती ताडपत्री घालायचीच असेल तर ती छपरावरून, संशयित भागापुरतीच घाला. कौलांखाली आतून प्लास्टिक ठोकण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला अजिबात पसंत नाही. त्यामुळे पाणी दिसेनासे होते, पण वासे आणि रिपा प्लास्टिकच्या वर भिजत राहतात. मंगळुरी कौलांच्या फटींतून हवा खेळते, आणि लाकडी छपरे इतकी वर्षे टिकण्याचे ते एक मोठे कारण आहे. ऑक्टोबरात ताडपत्री आठवणीने काढा, कारण छपराचे लाकूड खऱ्या अर्थाने वाळते ते त्याच कोरड्या महिन्यांत. जुलैत बाहेरची हवाच दमट असल्यामुळे झरोके उघडून फारसे काही सुकत नाही.

पक्के काम कोरड्या हंगामातच करावे. जिप्समच्या वर, फळ्यांखाली बंद पेशींच्या, म्हणजे पाणी व बाष्प आत न शिरू देणाऱ्या, फोमचे ताव भिंतीपर्यंत बसवून त्यांचे सांधे चिकटपट्टीने बंद करावेत आणि तांब्याच्या नळीला रबरी फोमचे अखंड आवरण द्यावे. आवरण नसलेला काचलोकरीचा (ग्लासवूलचा) थर घालू नये, कारण तो ओल शोषून धरतो. त्यापूर्वी लाकडाचा ओलावा मापकाने पाहा. तो २० टक्क्यांच्या खाली येईपर्यंत तेलरंग किंवा पॉलिश लावू नका. काळे ठिपके वरवरचे असतील तर मास्क लावून ओल्या फडक्याने पुसता येतात. मात्र भिंतीत शिरलेल्या वाशांची टोके स्क्रूड्रायव्हरने जरूर टोचून पाहा, कुजण्याची सुरुवात तेथूनच होते. टोक सहज आत गेले तर ठेकेदार बाजूला ठेवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

ठेकेदार कौले काढून पत्रे घालण्याचे सुचवील, म्हणून एवढे सांगतो. मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ च्या कलम ३४२ नुसार त्याच साहित्याने छप्पर बदलणे किरकोळ दुरुस्तीत मोडते, पण वेगळे साहित्य वापरणे, छप्पर सपाट करणे किंवा पोटमाळा वाढवणे त्यात बसत नाही आणि त्याला महापालिकेची परवानगी लागते. घर पागडीचे असेल तर मालकाला लेखी कळवूनच काम सुरू करा, आणि इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठीचा उपकर भरणारी जुनी इमारत, असल्यास म्हाडाच्या इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळाकडेही अर्ज देऊन त्याची पोच घ्या.