सोळा वर्षांच्या मुलाची कपड्यांची आवड आणि पीपीएफचे साडेतीन लाख

प्रश्न: आम्ही बडोद्याला दांडिया बाजारात राहतो. मुलगा अकरावी कॉमर्सला आहे, जूनमध्ये सतरा पूर्ण होतील. तेराव्या वर्षापासून त्याला पुरुषांच्या कपड्यांचं वेड आहे. रात्री जागून इटलीतल्या पुरुषांच्या फॅशनच्या जत्रेचे व्हिडिओ बघतो, मिस्टरांचा लग्नातला कोट तर त्याने आत काय आहे ते पाहायला उसवला. त्याच्या नावावरचं पीपीएफ खातं आम्ही 2010 च्या दिवाळीत उघडलं, सासरे त्यात महिन्याला हजार रुपये भरत. येत्या 1 एप्रिलला मुदत संपते, साधारण साडेतीन लाख होतील. त्यातले दोन लाख त्याला हवे आहेत. एकोणीस वर्षांच्या मित्राबरोबर नवरात्रासाठी केडियू (गरब्यात पुरुष घालतात तो घेरदार अंगरखा) आणि एरवी शर्ट असा स्वतःचा ब्रँड काढायचा म्हणतो. एक खासगी फॅशन संस्था 75 हजार भरून आत्ताच सीट पक्की करा म्हणून मागे लागली आहे. मिस्टर म्हणतात सगळे पैसे एफडीत टाकू, त्याला सीए करू. घरात महिन्याला 85 हजार येतात, घराचा हप्ता 24 हजार, सगळं जाऊन बारा-तेरा हजार उरतात. धाकटी सातवीत आहे, तिचं सुकन्या खातं आहे. शिवाय मे महिन्यात भाच्याच्या लग्नासाठी मुलाला अठरा हजारांचा सूट शिवून हवा आहे. पैसे द्यावेत का?

ताई,

पैसे द्या. पण दोन लाख नकोत, आणि ब्रँडसाठी तर नकोतच. माझ्या हिशेबाने त्याला साधारण 45 हजार द्यावेत, तेही शिकण्यासाठी. बाकीचे आहेत तिथेच, पीपीएफमध्ये राहू द्यावेत. संस्थेला एक रुपयाही भरू नये.

तुमच्या पत्रातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटलेली ओळ कोट उसवल्याची आहे. तुम्ही ती तक्रारीच्या सुरात लिहिली आहे, मी मात्र माझा सल्ला तिच्यावरच बेतला आहे. कोटाच्या छातीच्या भागात, वरचं कापड आणि अस्तर यांच्यामध्ये, आणखी एक थर असतो. स्वस्त कोटात तो गरम दाबाने चिकटवलेला असतो, आणि काही वर्षं ड्रायक्लीन झाल्यावर तिथे फुगे येऊ लागतात. चांगल्या कोटात घोड्याचे केस आणि लोकर मिळून विणलेला कॅनव्हास बारीक टाक्यांनी सैलसर जोडलेला असतो, आणि तो अंगाच्या ठेवणीप्रमाणे बसत जातो. खालच्या काज्याच्या जवळ दोन्ही बाजूंचं कापड चिमटीत धरून हलकेच ओढलं, तर मधला सुटा थर बोटांना जाणवतो. तुमच्या मुलाला हे बहुधा माहीत असणार, म्हणूनच त्याने टाके उसवले. लंडनच्या सॅव्हिल रोवरच्या शिंप्यांच्या संघटनेचा दंडक आहे की मापावर बनवलेल्या एका सूटमागे किमान 50 तास हातकाम झालेलं असलं पाहिजे. हे काम काय असतं, याचं कुतूहल सोळाव्या वर्षी असणारी मुलं फार थोडी. कपडे विकत घ्यायची आवड असलेली मुलं पुष्कळ भेटतात, आणि त्यांच्या आईवडिलांना मी पॉकेटमनी आवळायला सांगतो. तुमच्या मुलाला कपडा बनतो कसा ते हवं आहे. त्यासाठी खर्च करायला हरकत नाही, फक्त तो खर्च त्याच्या हातात कसब येईल असा हवा.

ब्रँडमध्ये नेमकं हेच होणार नाही. दोन लाखांतले बहुतेक पैसे तयार मालात जातील. शर्टाचंच घ्या: चार साइझ, तीन रंग, प्रत्येकी पाच नग, म्हणजे 60 शर्ट. कापड, शिलाई, काज-बटण, लेबल, पिशवी धरून समजा नगाला 550 रुपये पडले, तर पहिल्याच खेपेला 33 हजार गुंतले. त्यातले 40 आणि 42 साइझचे जातील, 38 आणि 44 चे मागे राहतील, आणि पुढची खेप काढायला पैसे पुन्हा घरूनच मागितले जातील. केडियूचं तर आणखी कठीण. घेर, आरसे, नाड्या, गोंडे, सगळी मेहनत नऊ रात्रींसाठी. दसऱ्याला जे शिल्लक राहील ते पुढच्या वर्षापर्यंत कपाटात, आणि पुढच्या वर्षी फॅशन वेगळी. बडोद्यात गरब्याचे कपडे भाड्याने घेणारे खूप आहेत, त्यामुळे विकण्यापेक्षा भाड्याचा धंदा बरा चालतो, पण त्याला धुलाई, दुरुस्ती आणि उधारी सांभाळणारा मोठा माणूस लागतो. यंदाचं नवरात्र ऑक्टोबरात आहे, म्हणजे मुलाच्या बारावीच्या ऐन वर्षात. त्या वेळी तो मंगळ बाजारात कापड बघत फिरेल आणि प्रवेश परीक्षेचा सराव राहून जाईल.

कायद्याची बाजूही मित्राला समजावून सांगा. 1872 च्या करार कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलाचा करार ग्राह्य धरला जात नाही, आणि त्याला भागीदारीत पूर्ण भागीदार होता येत नाही. म्हणजे कापडवाल्याची उधारी, दुकानाचं भाडं, सगळं त्या मित्राच्या नाहीतर तुमच्या नावावर येणार. वस्तूंच्या विक्रीत 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही हे खरं, पण ती सूट गुजरातच्या आतल्या विक्रीला. इन्स्टावरून ऑर्डर आली आणि मुंबई-पुण्याला एक शर्ट कुरियर केला, की नोंदणी लागते. सोळा वर्षांच्या मुलाच्या हौसेसाठी तुम्ही रिटर्न भरत बसावं असं मला वाटत नाही.

आता पीपीएफ. बँकेत गेलात की बहुतेक वेळा खातं बंद करण्याचा फॉर्म समोर ठेवतात. तो भरू नका. मुदत संपल्यावर पैसे न काढता आणि नवीन भरणाही न करता खातं तसंच चालू ठेवता येतं. त्यावर नेहमीचं करमुक्त व्याज मिळत राहतं, सध्या ते 7.1 टक्के आहे, आणि वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. तुमच्या गरजेला हे अगदी जुळतं. यंदा एप्रिलनंतर 45 हजार काढा. उरलेल्या तीन लाख पाच हजारांवर वर्षभरात साडेएकवीस हजारांच्या आसपास व्याज जमेल. पुढच्या वर्षी 1 एप्रिल 2027 नंतर पहिल्या वर्षाच्या फीसाठी काढा. खातं अज्ञान, म्हणजे अठराच्या आतल्या, मुलाचं असल्याने रक्कम त्याच्याच कामासाठी लागते आहे असं पालकाने लिहून द्यावं लागतं, आणि ते खरं असलं पाहिजे. हा पैसा त्याचा आहे, घरखर्चात किंवा हप्त्यात वळवू नका. जून 2027 मध्ये तो अठरा पूर्ण करेल, तेव्हा खातं त्याच्या सहीवर करून घ्यावं लागेल. त्याचं पॅन कार्ड आत्ताच काढून ठेवा, म्हणजे फीच्या ऐन वेळी अडायला होणार नाही.

मिस्टरांना एफडीची खात्री वाटते ती चुकीची नाही, कारण सव्वा वर्षात लागणारा पैसा शेअर बाजारात घालायचा नाही हे त्यांचं धोरण बरोबरच आहे. पण मोठ्या बँकांच्या एक-दोन वर्षांच्या एफडीपेक्षा पीपीएफचा दर आज जास्त आहे. शिवाय अज्ञान मुलाच्या एफडीचं व्याज आई-वडिलांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात धरलं जातं. तुमचं उत्पन्न बघता नव्या करप्रणालीत आज कर लागणार नाही, तरी चांगल्या दराचं करमुक्त खातं मोडून कमी दराच्या ठेवीत जायचं कारण मला दिसत नाही.

सीएबद्दल त्यांना एवढंच सांगा की बारावीपर्यंत दोघांचं भांडणच नाही. निफ्ट या सरकारी फॅशन संस्थेच्या बी.डेस.ला, म्हणजे डिझाइनच्या पदवीला, कुठल्याही शाखेची बारावी चालते, कॉमर्सही चालतं. त्याने हिशेब मन लावून शिकावा, कपड्याच्या धंद्यात नगाची किंमत काढता न येणाऱ्याचं नुकसानच होतं. प्रवेश परीक्षा फेब्रुवारी 2027 च्या सुमारास येईल. गांधीनगरचं निफ्ट तुमच्यापासून काही तासांवर आहे, 1995 पासून चालू आहे. चार वर्षांची फी, वसतिगृह, कापड-साहित्य धरून मी तेरा लाख डोळ्यासमोर ठेवून आखणी करतो. पीपीएफमधून सव्वातीन लाख येतील. उरणाऱ्या बारा-तेरा हजारांतले आठ हजार एप्रिलपासून तुमच्या नावावर आवर्ती ठेवीत टाका. शेवटच्या वर्षाच्या फीपर्यंत त्याचे चार-साडेचार लाख होतील. म्हणजे पाच-साडेपाच लाखांचं शैक्षणिक कर्ज लागेल. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा तारण मागत नाहीत, आणि सरकारी संस्थेच्या प्रवेशपत्रावर ते मिळायला त्रास होत नाही. धाकटीच्या सुकन्येला मात्र हात लावायचा नाही. भावाच्या शिक्षणासाठी बहिणीचा पैसा वापरणारी घरं मी पाहतो, आणि मला ते मुळीच पटत नाही.

कर्जच नको असेल, तर तुमच्या दारातच दुसरी वाट आहे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस फॅकल्टीचा क्लोदिंग अँड टेक्स्टाइल्स विभाग आहे. कापडाचं शास्त्र, रंगाई, जुनी भारतीय वस्त्रं असं शिक्षण तिथे मिळतं. फी खासगी संस्थांच्या मानाने फार कमी, आणि मुलगा घरी राहील. एक दिवस त्याला घेऊन जा, विभागात बसा, प्रवेशाचे नियम विचारा. बडोद्यात राहून कापडाचं शिक्षण कसलं घ्यायचं, असं घरात कोणी म्हणत असेल तर त्यांना आठवण करून द्या की सयाजीरावांनी 1890 मध्ये याच गावात कलाभवन काढलं ते असल्याच हाताच्या विद्यांसाठी. कापड रंगवणं आणि छापणं तिथे शिकवलं जात होतं.

खासगी संस्थेबद्दल थोडक्यात. बारावीला सव्वा वर्ष असताना सीट पक्की करायला पैसे मागतात, तिथे घाई त्यांची असते, तुमची नसते. पदवी नेमकी कुठलं विद्यापीठ देतं, आणि प्रवेश रद्द केला तर पैसे किती दिवसांत परत मिळतात, हे दोन प्रश्न लेखी विचारा. लेखी उत्तर आलं नाही तर विषय तिथेच संपवा.

45 हजारांचं काय करायचं ते सांगतो. वीस-पंचवीस हजारांत मोटारीसकट चांगलं पॉवर मशीन येतं, घरगुती मशीन घेऊ नका, जाड कापडाला ते दम धरत नाही. आठ-दहा हजार कापड, बकरम, कात्र्या, इस्त्री यांना. बाकीचे परीक्षेचा फॉर्म, चित्रकलेचं साहित्य आणि सरावासाठी. त्याहून मोलाची गोष्ट फुकट आहे किंवा फार तर हजार-दोन हजारांची आहे: एप्रिल-मेच्या सुट्टीत त्याला रावपुऱ्यातल्या किंवा तुमच्या ओळखीच्या एखाद्या जुन्या जेन्ट्स टेलरकडे बसवा. पहिले काही दिवस तो काज-बटण करेल, अस्तर उलटवेल, इस्त्री मारेल. कटिंग मास्टर कापडावर खडू कसा चालवतो, खांदे जरा पुढे झुकलेल्या माणसासाठी बाही किती वळवतो, हे व्हिडिओत दिसत नाही. सुट्टीनंतरही तो स्वतःहून तिथे जात राहिला, तर 12 वीनंतर दोन-तीन पर्याय आणखी उघडतील, आयटीआयचा एक वर्षाचा सिलाईकामाचा अभ्यासक्रमसुद्धा त्यात धरा. आणि समजा जुलैपर्यंत मशीनवर कव्हरच चढलेलं असेल, तर तुमचे पंचवीस हजार अडकले, त्यातले निम्मे मशीन विकून परत येतील. दोन लाखांचा न खपलेला माल असा विकला जात नाही.

मशीन आल्यावर त्याला एक वही द्या. शेजाऱ्यांची पॅन्ट उंचीला कमी करणं, शर्टाची कॉलर उलटवणं, मामाच्या सदऱ्याला बाही लावणं, जे काम येईल त्याचे पैसे घ्यावेत आणि दोरा, सुया, वीज वजा करून काय उरलं ते लिहावं. मुलाने स्वतःच्या कौशल्यावर कमावलेलं उत्पन्न आई-वडिलांच्या उत्पन्नात मिळवलं जात नाही, ते त्याचंच राहतं. मित्राला ब्रँड काढायचाच असेल तर त्याने काढावा. तुमचा मुलगा त्याला नगामागे ठरलेल्या मजुरीवर चार-सहा केडियू शिवून देऊ शकतो, तुमचा रुपया न गुंतवता.

राहिला लग्नातला सूट. घ्या, पण अठरा हजारांचा नको. आणि तो पीपीएफमधून नको, तुमच्या नेहमीच्या लग्नखर्चातून. सूटाला साधारण सव्वातीन मीटर कापड लागतं. लोकर-पॉलिस्टर मिश्र चांगलं कापड आणि शिलाई मिळून दहा-अकरा हजारांत बसवा, आणि तो सुट्टीत ज्या टेलरकडे बसणार आहे त्याच्याकडेच टाका. कच्च्या शिलाईची ट्रायल मागा, बरेच टेलर हल्ली ती टाळतात. बाहीत, पाठीत आणि पॅन्टच्या बुडाशी मार्जिन जास्त ठेवायला सांगा. सतरा वर्षांचा मुलगा आहे, उंची आणि खांदे अजून वाढतील, आणि पुढच्या वर्षी तो सूट सैल करायचं काम त्यालाच करू द्या.